‘योग्य उमेदवार’ कोण ठरवते? कर्मचारी निवडीच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

मानव संसाधन व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात निवडीचे प्रकरण बहुधा एका ठरलेल्या सूत्राने सुरू होते : ‘योग्य जागी योग्य व्यक्ती.’ परीक्षेत हे सूत्र लिहिले की गुण मिळतात, म्हणून ते तुमच्याही वहीत असेलच. पण त्यातील ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ काय, तो कोण ठरवते आणि ठरवताना चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येते, हे प्रश्न त्या प्रकरणात सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत घटकात आपण तेच विचारणार आहोत.

हा विषय तुमच्यासाठी केवळ अभ्यासक्रमापुरता नाही. पदवी हातात पडताच तुम्ही उमेदवार म्हणून टेबलाच्या एका बाजूला बसाल. काही वर्षांनी तुमच्यापैकी अनेक जण त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून कोणाला घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे हे ठरवतील. दोन्ही वेळी उपयोगी पडेल अशी समज तयार व्हावी, हा या विवेचनाचा उद्देश आहे.

१. भरती, निवड आणि दोन प्रकारच्या चुका

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. भरती म्हणजे रिक्त पदासाठी अधिकाधिक पात्र व्यक्तींना अर्ज करण्यास प्रवृत्त करणे. निवड म्हणजे आलेल्या अर्जांमधून काहींना स्वीकारणे आणि उरलेल्यांना नाकारणे. म्हणूनच भरतीला सकारात्मक आणि निवडीला नकारात्मक प्रक्रिया म्हणतात. एका जागेसाठी शंभर अर्ज आले तर निवड एकाची होते आणि नकार नव्व्याण्णवांना मिळतो. निवड ही मुख्यतः नकार देण्याची प्रक्रिया आहे, हे आधी लक्षात घ्या.

आता एक उदाहरण घेऊ. ते पुढेही उपयोगी पडेल. समजा, औषधांचे वितरण करणाऱ्या एका कंपनीला गोदामासाठी स्टोअरकीपर हवा आहे. आलेला माल बिलाशी ताडून पाहणे, बॅच क्रमांक आणि कालबाह्यतेची तारीख नोंदवणे, ज्या औषधांची मुदत आधी संपणार ती आधी बाहेर पाठवणे आणि रोजचा साठा जुळवणे हे त्याचे काम. कंपनीकडे साठ अर्ज आले. त्यातून आठ जणांना मुलाखतीला बोलावले आणि एकाला नेमले.

या निर्णयात दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली, ज्याला नेमले तो कामाला उपयोगी न पडणे. दुसरी, ज्याला नाकारले तो प्रत्यक्षात उत्तम काम करणारा असणे. पहिली चूक महिन्याभरात दिसते. साठा जुळत नाही, मुदत संपलेली औषधे कपाटात सापडतात, मालक चिडतो. दुसरी चूक मात्र कधीच दिसत नाही. नाकारलेला उमेदवार दुसरीकडे काय करतो हे कंपनीला कळत नाही, आणि कळण्याची गरजही वाटत नाही.

या असमतोलाचा परिणाम गंभीर असतो. कंपनीला आपल्या चुकांपैकी फक्त एकाच प्रकारच्या चुका दिसत असल्याने तिची पद्धत हळूहळू अधिकाधिक सावध होत जाते. ओळखीच्या महाविद्यालयातला, ओळखीच्या भागातला, आपल्यासारखे बोलणारा उमेदवार ‘सुरक्षित’ वाटू लागतो. नेमलेला माणूस बरा निघाला की आपली पारख अचूक होती असे वाटते. पण त्याच्याहून चांगला कोणी परत गेला का, हे पाहण्याची सोय या पद्धतीत नसते. निवडीच्या संकल्पनेची चिकित्सा करताना हा मुद्दा आपण पुन्हा पुन्हा वापरणार आहोत.

२. शास्त्रशुद्ध निवड : टेलर यांची कथा पुन्हा वाचताना

फ्रेडरिक टेलर यांचे ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ या आशयाचे पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. कामगारांची शास्त्रशुद्ध निवड हे त्यातील एक प्रमुख तत्त्व. त्यासाठी टेलर यांनी अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यातील कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहण्याचे उदाहरण दिले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार एक कामगार दिवसाला साडेबारा टन लोखंड वाहत असे. पंचाहत्तर कामगारांचे निरीक्षण करून चार जण वेगळे काढले आणि त्यांतून एकाची निवड केली. पुस्तकात त्याला ‘श्मिट’ असे नाव दिले आहे. प्रशिक्षण आणि ठरवून दिलेली विश्रांती यांच्या आधारे तो दिवसाला साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली.

पाठ्यपुस्तके ही कथा यशाचे उदाहरण म्हणून सांगतात. आपण ती तीन प्रश्न विचारत वाचू.

पहिला प्रश्न : लाभाची वाटणी कशी झाली? काम जवळपास पावणेचार पट वाढले, मजुरी मात्र सुमारे साठ टक्के वाढली. दुसरा प्रश्न : उरलेल्यांचे काय? टेलर यांच्याच हिशेबाने त्या गटातील आठांपैकी साधारण एकच कामगार इतके वजन रोज वाहू शकत होता. म्हणजे ‘योग्य’ ठरलेल्या एकामागे सात ‘अयोग्य’ ठरले. पण साडेसत्तेचाळीस टन हे प्रमाण ठरले नसते तर तेच सात जण कालपर्यंत त्या कामास योग्यच होते. कामाचा मापदंड बदलला की योग्यतेची व्याख्या बदलते आणि मापदंड ठरवणारा कामगार नसतो. तिसरा प्रश्न : ही कथा खरी कितपत? चार्ल्स रेगी आणि अमेदेओ पेरोनी यांनी १९७४ साली कारखान्याच्या मूळ नोंदी तपासून टेलर यांच्या कथनातील अनेक तपशील वस्तुस्थितीशी जुळत नाहीत असे दाखवले.

याचा अर्थ टेलर यांचे सगळेच टाकाऊ आहे असा नाही. कामाचे बारकाईने निरीक्षण करून मगच माणूस निवडावा, हा आग्रह आजही मोलाचा आहे. पण ‘शास्त्रशुद्ध’ हे विशेषण लावल्याने निवड आपोआप निःपक्षपाती होत नाही, हे या उदाहरणावरून शिकायचे आहे.

३. चाचणी कशाची घ्यायची?

विसाव्या शतकाच्या आरंभी मानसशास्त्रज्ञही या क्षेत्रात उतरले. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी ट्रामचालकांच्या अवधानाची चाचणी तयार केली. १९१७ साली अमेरिकी सैन्यासाठी रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली ‘आर्मी अल्फा’ आणि ‘आर्मी बीटा’ या सामूहिक चाचण्या तयार झाल्या आणि सतरा लाखांच्या आसपास सैनिकांना त्या देण्यात आल्या. पुढे खासगी कंपन्यांनीही असे मार्ग स्वीकारले.

इथे दोन संज्ञा ध्यानात ठेवा. एकच चाचणी पुन्हा दिली असता निष्कर्ष साधारण तोच यावा, याला विश्वसनीयता म्हणतात. चाचणीतील गुण आणि प्रत्यक्ष कामातील कामगिरी यांचा खरोखर संबंध असावा, याला सप्रमाणता म्हणतात. वजनकाटा रोज अचूक चालला तरी त्यावर उंची मोजता येत नाही. तो विश्वसनीय आहे, पण उंचीसाठी सप्रमाण नाही.

सप्रमाणतेचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे अमेरिकेतील ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी या खटल्यातून दिसते. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील या कंपनीच्या वीजकेंद्रात पाच विभाग होते. कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात घेतले जाई. त्या विभागातील सर्वाधिक पगाराचे काम इतर विभागांतील सर्वांत कमी पगाराच्या कामापेक्षाही खालच्या दराचे होते. नागरी हक्क कायद्यामुळे १९६५ मध्ये असा उघड भेदभाव करणे बेकायदेशीर ठरले. ज्या दिवशी ही तरतूद लागू झाली त्याच दिवसापासून कंपनीने इतर विभागांतील नव्या नेमणुकांसाठी माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्राबरोबरच दोन लेखी चाचण्यांत उत्तीर्ण होण्याची अट घातली.

वरवर पाहता अट सर्वांना सारखीच होती. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या श्वेतवर्णीय पुरुषांचे प्रमाण ३४ टक्के, तर कृष्णवर्णीय पुरुषांचे १२ टक्के होते. शिवाय प्रमाणपत्र नसलेले, पूर्वी लागलेले श्वेतवर्णीय कामगार त्याच विभागांत समाधानकारक काम करत होते. म्हणजे कामाला त्या अटीची गरज नव्हती. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की कंपनीचा हेतू काहीही असो, जी अट एका समूहाला मोठ्या प्रमाणावर बाहेर ठेवते आणि जिचा कामाशी संबंध दाखवता येत नाही, ती अट चालणार नाही.

आपल्या स्टोअरकीपरच्या जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर, अस्खलित इंग्रजी आवश्यक’ असे लिहिले आहे, असे समजा. बॅच क्रमांक वाचता येणे आणि संगणकावर नोंद करता येणे यासाठी जितके इंग्रजी लागते तितके मागणे रास्त आहे. अस्खलित संभाषणाची गोदामात गरज काय? जाहिरातीतली प्रत्येक अट वाचताना ‘ही अट कामातून आली की सवयीतून?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

४. मुलाखतीवरचा विश्वास

निवडीच्या साधनांपैकी मुलाखत सर्वांत लोकप्रिय आहे. ‘पाच मिनिटांत माणूस ओळखतो’ असे सांगणारे वरिष्ठ तुम्हाला पुढे जागोजागी भेटतील. या विश्वासाला संशोधनाचा आधार किती आहे?

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य हे गुण वेगवेगळे. तरी एकात चांगले गुण मिळालेल्या व्यक्तीला उरलेल्यांतही चांगलेच गुण दिलेले आढळले. एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवर पडते. यालाच हॅलो इफेक्ट किंवा तेजोवलय परिणाम म्हणतात. मुलाखतीत नीटनेटके कपडे, आत्मविश्वासाचे बोलणे किंवा नामांकित महाविद्यालयाचे नाव हे काम करून जाते.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. निवडीच्या प्रत्येक साधनाचा प्रत्यक्ष कामगिरीशी सहसंबंध किती, हे त्यांनी मांडले. सहसंबंध शून्य असेल तर संबंध नाही, एक असेल तर पूर्ण संबंध आहे. त्यांच्या आढाव्यात संरचित मुलाखत आणि सामान्य बौद्धिक क्षमतेची चाचणी यांचा सहसंबंध ०.५१, असंरचित मुलाखतीचा ०.३८, शिक्षणाच्या वर्षांचा ०.१० आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याचा ०.०२ आला. संरचित मुलाखत म्हणजे सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरवलेल्या गुणदान पट्टीनुसार विचारणे.

ही आकडेवारी अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत जशीच्या तशी छापली गेली. पण २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तिचा फेरविचार केला, आणि त्यामागचे कारण आपल्या मूळ मुद्द्याशी जोडलेले आहे. कामगिरीची नोंद फक्त निवडलेल्यांची असते, नाकारलेल्यांची नसते. म्हणून संशोधक गणिताने अंदाज बांधतात की सगळे अर्जदार नेमले असते तर सहसंबंध किती आला असता. हा अंदाज पूर्वी गरजेपेक्षा जास्त वाढवला गेला होता, असे सॅकेट यांचे म्हणणे. त्यांच्या हिशेबाने संरचित मुलाखतीचा सहसंबंध ०.४२, बौद्धिक चाचणीचा ०.३१ आणि असंरचित मुलाखतीचा ०.१९ इतकाच उरतो.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, गप्पा मारत घेतलेली मुलाखत हे दुबळे साधन आहे. दोन, सर्वोत्तम साधनही फार अचूक नाही. न दिसणाऱ्या दुसऱ्या चुकीने तज्ज्ञांचे गणितही चकवले, तर आपल्या ‘पाच मिनिटांच्या पारखी’विषयी नम्र राहणे बरे.

भारतात या प्रश्नाला शासनाने वेगळे उत्तर दिले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद करण्यात आली. वशिला आणि लाचलुचपत यांना मुलाखतीत वाव मिळतो, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. टंकलेखनासारखी कौशल्य चाचणी किंवा शारीरिक चाचणी मात्र पात्रतेसाठी घेता येते. हा निर्णय स्वागतार्ह असला तरी त्याची मर्यादाही ओळखा. मुलाखत काढली की सारा भार लेखी परीक्षेवर येतो. थोड्या जागांसाठी प्रचंड अर्ज आले की प्रश्नपत्रिकेचे काम गुण ओळखण्याऐवजी संख्या कमी करणे एवढेच उरते. मग शिकवणीचे शुल्क आणि तयारीची वर्षे ज्याला परवडतात तो पुढे जातो. म्हणजे पक्षपाताचा एक मार्ग बंद झाला तरी सप्रमाणतेचा प्रश्न तसाच राहिला.

याच्या उलट टोकाला सैन्याधिकाऱ्यांच्या निवडीसाठीचे सेवा निवड मंडळ आहे. तिथे सुमारे पाच दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि मुलाखत होते. वेगवेगळे परीक्षक स्वतंत्रपणे मत बनवतात आणि शेवटी एकत्र बसून निर्णय घेतात. अनेक साधने आणि अनेक डोळे वापरणे हा तेजोवलय परिणामावरचा उपाय आहे. पण तो खर्चिक आहे. गोदामाला स्टोअरकीपर नेमताना पाच दिवस देणे शक्य नाही, हेही मान्य केले पाहिजे.

५. ‘वडील काय करतात?’

आता भारतातील खासगी क्षेत्राकडे वळू. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा एक अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता समान, फक्त अर्जदाराचे नाव वेगळे : एक उच्चवर्णीय हिंदू वाटणारे, एक दलित वाटणारे, एक मुस्लिम वाटणारे. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता मोजली असता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाचे गुणोत्तर ०.६७ आणि मुस्लिम नावाचे ०.३३ आढळले. लक्षात घ्या, उमेदवाराला कोणी पाहिलेही नव्हते. मुलाखत, स्वभाव, बोलण्याची ढब यांचा प्रश्नच आला नव्हता. फक्त नाव वाचले गेले होते.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या २५ मानव संसाधन व्यवस्थापकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास मांडला. हे व्यवस्थापक आपण केवळ गुणवत्ता पाहतो असे ठामपणे सांगत होते. त्याच वेळी बहुतेक जण उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानत होते. वडील काय करतात, भावंडे काय शिकली, घर कुठे आहे, या उत्तरांवरून उमेदवाराचे संस्कार कळतात अशी त्यांची धारणा होती.

हा अभ्यास बारकाईने वाचण्यासारखा आहे, कारण त्यात कोणी खलपुरुष नाही. व्यवस्थापकांना आपण भेदभाव करत आहोत असे वाटत नव्हते. पण वडिलांच्या व्यवसायाचे उत्तर उमेदवाराच्या हातात नसते. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाले, त्याने अधिक अंतर कापलेले असते. या प्रश्नामुळे मात्र नेमके तेच अंतर त्याच्या खात्यावर कमीपणा म्हणून जमा होते. जात न विचारताही जातीचा अंदाज बांधता येतो.

या दोन्ही अभ्यासांच्या मर्यादाही नोंदवू. पहिल्यात फक्त बोलावणे येते का एवढेच मोजले आहे. अंतिम नेमणूक, पगार, बढती यांबद्दल तो सांगत नाही. दुसऱ्यातील नमुना लहान आहे. दोन्ही अभ्यास जुने आहेत आणि आज बऱ्याच नोकऱ्या वृत्तपत्रांतून येत नाहीत. तरीही पहिल्या अभ्यासाने जे केले ते महत्त्वाचे आहे : एरवी न दिसणारी दुसरी चूक त्याने मोजता येईल अशा रूपात समोर आणली. समान पात्रतेचे अर्ज पाठवल्याशिवाय कोणत्याही एका कंपनीला किंवा एका उमेदवाराला हा भेद कळलाच नसता.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. राज्यघटनेचे कलम १६ शासकीय नोकरीत समान संधीची हमी देते. खासगी कंपनीला ते थेट लागू होत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरती करताना स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली आणि २०१९ च्या वेतन संहितेत ही तरतूद लिंगाधारित भेदभावाबाबत आली. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. पण खासगी निवडीत जात, धर्म किंवा कौटुंबिक पार्श्वभूमी यांवरून दिलेला नकार सिद्ध करणे अवघड असते, कारण नकाराचे कारण देण्याची पद्धतच नाही.

६. यंत्राने केलेली चाळणी

‘माणूस पक्षपाती असेल तर निवड संगणकाकडे द्या’, असे उत्तर अनेकदा सुचवले जाते. अ‍ॅमेझॉन कंपनीचा अनुभव इथे उद्बोधक आहे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार कंपनीने २०१४ पासून अर्जांना गुण देणारी एक संगणकीय प्रणाली विकसित करायला घेतली होती. मागील दहा वर्षांचे अर्ज तिला शिकवण्यासाठी वापरले. त्यात पुरुषांचे अर्ज बहुसंख्य होते. परिणामी अर्जात महिलांच्या संघाचा किंवा मंडळाचा उल्लेख असला की प्रणाली गुण कमी करू लागली. दुरुस्तीचे प्रयत्न झाले, पण अखेरीस प्रकल्प बंद करण्यात आला. उमेदवारांच्या मूल्यमापनासाठी ही प्रणाली वापरली गेली नव्हती, असे कंपनीने सांगितले.

असे का झाले ते समजून घ्या. यंत्राला जुन्या निर्णयांतून ‘योग्य’ कोण हे शिकवले होते, आणि त्या निर्णयांतही पहिल्या प्रकारच्या चुकांचीच नोंद होती. ज्यांना कधी घेतलेच नाही त्यांनी कसे काम केले असते, हे यंत्राला सांगणार कोण? जुनी सवय गणिताच्या रूपात परत आली, इतकेच.

७. एक रास्त आक्षेप

इथे तुम्ही विचाराल : कंपनी मालकाची आहे, पगार तो देतो, मग कोणाला घ्यायचे हे त्याने का ठरवू नये? शिवाय लहान धंद्यात रोख रक्कम आणि महागडा माल ज्याच्या हाती द्यायचा तो विश्वासातला नको का? ओळखीतून आलेला माणूस लवकर रुळतो आणि त्याला शोधण्याचा खर्च वाचतो.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. विश्वास ही कामाचीच एक गरज असू शकते. मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘हा प्रामाणिक आहे, पूर्वीच्या ठिकाणी याचा साठा नेहमी जुळत असे’ ही कामाशी निगडित माहिती आहे. ‘हा आपल्या भागातला आहे’ ही नाही. ओळखीतून अर्ज येऊ देणे म्हणजे भरतीचा एक स्रोत वापरणे. फक्त ओळखीतूनच माणूस घेणे म्हणजे बाकी सर्व दारे बंद करणे. ज्या समूहातील कोणीच आधी आत नाही, त्या समूहातील उमेदवाराची ओळख देणार कोण? मालकाचा निवडीचा अधिकार मान्य करूनही, त्याने कामाशी संबंध नसलेल्या कारणावरून चांगला माणूस गमावला तर तोटा त्याचाही आहे, एवढे तरी सांगता येते.

८. मग निवड कशी करावी?

चिकित्सेचा शेवट केवळ दोष दाखवण्यात होऊ नये. आपल्या स्टोअरकीपरकडे परत जाऊ.

(अ) आधी कार्यविश्लेषण करा. गोदामात एक दिवस उभे राहून स्टोअरकीपर खरोखर काय करतो ते लिहा. त्यातून कार्यवर्णन आणि कार्यविनिर्देश तयार करा. कामात न सापडलेली अट जाहिरातीतून काढून टाका.

(आ) कामाचा नमुना करून घ्या. वीस खोक्यांचा माल, त्याचे बिल आणि मुद्दाम तीन चुका ठेवलेले साठा-पुस्तक उमेदवारापुढे ठेवा. अर्ध्या तासात त्याने चुका शोधाव्यात आणि कोणता माल आधी पाठवायचा ते सांगावे. या चाचणीला फारसा खर्च येत नाही, आणि ती वडिलांचा व्यवसाय विचारत नाही.

(इ) मुलाखत संरचित ठेवा. सर्वांना तेच पाच-सहा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, ‘मुदत संपत आलेला माल पाठवा असे वरिष्ठांनी सांगितले तर तुम्ही काय कराल?’ चांगल्या, मध्यम आणि कमकुवत उत्तराचे निकष आधीच लिहून ठेवा.

(ई) दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत आणि मग चर्चा करावी. आधी चर्चा केली की वरिष्ठाचे मत सर्वांचे मत होते.

(उ) शक्य असेल तिथे पहिल्या चाळणीत नाव, छायाचित्र आणि पत्ता झाकून अर्ज वाचा.

(ऊ) नकाराचे कारण एका ओळीत लिहून ठेवा. वर्षाअखेरीस ती वही उघडा. ‘आपल्यात बसणार नाही’ असे शेरे कोणाच्या नावापुढे जास्त आहेत ते पाहा. दुसऱ्या प्रकारची चूक पूर्णपणे दिसणार नाही, पण तिच्या खुणा तिथे सापडतील.

उमेदवार म्हणूनही याचा उपयोग आहे. मुलाखतीत कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रश्न आला तर थोडक्यात उत्तर देऊन बोलणे आपल्या कामाकडे वळवा. केलेल्या कामाचा नमुना सोबत ठेवा. आणि नकार आला तर त्यावरून आपल्या लायकीचा निष्कर्ष काढू नका. ०.१९ किंवा अगदी ०.४२ सहसंबंध असलेल्या साधनाने दिलेला तो एक अंदाज आहे. त्यातून शिकण्यासारखे काही असेल तर शिका. पण अंदाजाला निकाल समजू नका.

सारांश

निवड ही मुख्यतः नकाराची प्रक्रिया आहे आणि चुकीच्या नकाराची नोंद कोठेच होत नाही. त्यामुळे निवड करणाऱ्याचा आपल्या पारखीवरील विश्वास पुराव्यापेक्षा मोठा होतो. टेलर यांच्या कथेत योग्यतेचा मापदंड ठरवणाऱ्याची सत्ता दिसते, ग्रिग्ज खटल्यात कामाशी संबंध नसलेल्या अटीचा परिणाम दिसतो, २००७ च्या भारतीय अभ्यासांत गुणवत्तेच्या भाषेखाली दडलेली सामाजिक ओळख दिसते, आणि संगणकीय चाळणीत जुनेच निर्णय नव्या साधनातून पुढे जाताना दिसतात. कार्यविश्लेषण, कामाचा नमुना, संरचित मुलाखत आणि नकाराची नोंद हे उपाय परिपूर्ण नाहीत, पण साध्या कंपनीलाही परवडणारे आहेत. ‘योग्य जागी योग्य व्यक्ती’ हे सूत्र तुम्ही पुढच्या वेळी लिहाल तेव्हा त्याखाली एक ओळ जरूर जोडा : योग्यता कामावरून ठरवावी आणि ती कशी ठरवली हे दाखवता यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. निवडीतील दोन प्रकारच्या चुका सोदाहरण स्पष्ट करा. कंपनीला त्यांपैकी एकच का दिसते?

२. विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतील फरक सांगून ग्रिग्ज खटल्यातील अटींचे परीक्षण करा.

३. शासकीय पदांच्या मुलाखती बंद करण्याच्या निर्णयाचे फायदे आणि मर्यादा लिहा.

४. आपल्या परिसरातील नोकरीची एखादी जाहिरात घ्या. त्यातील प्रत्येक अट कामातून आली आहे की सवयीतून, याचे कारणासह वर्गीकरण करा.